कानातील कापूस आणि पेठेतील रात्र

संवत्सरीच्या रात्री ज्यांनी पौषध केला आहे, त्यांना ‘कुंडल’ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. घरातील तरुण मंडळींसाठी मात्र दोन ओळी लिहितो. रात्रीचा पौषध करणाऱ्याने संथारा पोरिसी भणावून झाल्यावर, आडवे होण्यापूर्वी, दोन्ही कानांत कापसाचे लहान बोळे घालावयाचे असतात. हेच कुंडल. हेतू जीवदयेचा आहे. निद्रेत असताना एखादा बारीक जीव कानात शिरून त्याची विराधना होऊ नये, एवढाच. दंडासण, संथारियू, उत्तरपट्टा यांच्या जोडीने कुंडलही आधीच मागून ठेवावे लागते.

बँकेतून निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच पर्युषणात मी अहोरात्र पौषध केला. आपल्या मूर्तिपूजक परंपरेत संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीची, म्हणजे गणेश चतुर्थीचीच. स्थानकवासी बांधवांची पंचमीला. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व तर पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, अगदी गणेशोत्सवाच्या मापाने बेतल्यासारखे. वर्षातील आपले सर्वांत शांत दिवस आणि पुण्यातील सर्वांत गजबजलेले दिवस पंचांगाच्या एकाच पानावर येतात. कसबा पेठेत राहणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. ग्रामदैवत आमच्या पेठेचे, मानाचा पहिला गणपती आमच्या पेठेचा, आणि उत्सवाचा पहिला मान जिथे, तिथे आवाजाचाही मान थोडाफार येणारच.

त्या रात्री उपाश्रयात आम्ही पंधरा-वीस जण होतो. पंखा नाही, दिवा नाही, सूर्यास्तापासून पाण्याचा थेंब नाही. रस्त्यावर मात्र मंडपांची लगबग, ताशांची तडतड आणि कुठूनशी येणारी आरती. मी कूस बदलत पडलो होतो. शेजारच्या संथाऱ्यावरील एका वयोवृद्ध श्रावकांनी अंधारात हात लांब करून विचारले, “कुंडल घातले का?” मी विसरलो होतो. त्यांनी आपल्याजवळील कापूस दिला. तो घातला आणि काही मिनिटांत बाहेरचा गोंगाट जणू एक गल्ली पलीकडे गेला. बंद झाला नाही, दूर गेला. मला झोप लागली.

पुढे कळले की साधा कापूस आवाज फारसा अडवीत नाही. पाच-सात डेसिबल अडवला तरी पुष्कळ. मग त्या रात्री झोप कशामुळे लागली? उपवासाचा थकवा होता, तीन तासांच्या प्रतिक्रमणानंतर मन हलके झाले होते, आणि कानात काही घातले आहे हा दिलासाही असेल. तरीही त्या बोळ्यांनी माझे कुतूहल जागे केले. गेली काही वर्षे मी या विषयाचा हिशेब ठेवीत आहे. हिशेब ठेवणे हा बँकेतील माणसाचा जन्मखोड आहे, वाचकांनी तो सहन करावा.

आमच्या पेठेतील आवाजाविषयी बोलताना तांबट आळीपासूनच आरंभ करावा लागतो. पेशवाईपासून या आळीत तांब्याची भांडी घडविली जातात. घंगाळी, हंडे, पाणी तापविण्याचे बंब. भांड्यावर एकसारख्या ठोक्यांची नक्षी उठविण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. माझ्या लहानपणी त्या ठोक्यांचा नाद दिवसभर चालू असे. वसंतात झाडावर बसून ‘टुक्‌ टुक्‌’ करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो ते उगीच नव्हे. शाळकरी वयात मी एका मित्राच्या घरी त्या आळीत दुपारी जात असे. त्याची आजी त्या ठोक्यांत गाढ झोपलेली असे, आणि कारागीर जेवायला उठले की जागी होऊन विचारी, “काय रे, काय झालं?” नाद थांबला की तिची झोप मोडे.

या आजींना जे अनुभवाने ठाऊक होते, ते पुढे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. अतिदक्षता विभागातील आवाज ऐकवून झोपेचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा असे आढळले की झोपलेल्या माणसाला जागे करतो तो केवळ आवाजाचा मोठेपणा नव्हे. खोलीत आधीपासून असलेला आवाज आणि अचानक उठलेला आवाज यांतील फरक त्याला जागे करतो. स्मशानशांततेत दाराची कडी वाजली तरी माणूस दचकतो. पंख्याच्या घरघरीत तीच कडी बुडून जाते.

परंतु सवय झाली म्हणजे अपाय टळला असे समजू नये. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसच्या तांबटांविषयी नोंद आहे. एकाच वस्तीत राहून दिवसभर तांबे ठोकणारे हे लोक हळूहळू कमी ऐकू लागतात आणि वार्धक्यात ठार बहिरे होतात, असे त्यांनी लिहून ठेवले. मनाला सवय होते, कानाला होत नाही. रात्रीच्या रहदारीची सवय झालेल्या माणसाची झोप मोडत नसली, तरी प्रत्येक कर्कश हॉर्नला त्याच्या नाडीचा वेग वाढतोच, असे झोपेच्या अभ्यासकांना आढळले आहे. ‘आम्हाला काही होत नाही, आम्ही पेठेत वाढलो’ हे वाक्य मी स्वतः पुष्कळ वर्षे अभिमानाने उच्चारीत असे. आता उच्चारीत नाही.

थोडे आकडे पाहू. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीच्या शक्तीपुढे एक शून्य वाढते. म्हणजे ४५ वरून ७५ वर गेलेला आवाज दीडपट झालेला नसतो, त्याची शक्ती हजारपट झालेली असते. कानाला तो साधारण आठपट मोठा भासतो. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या काळात निवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ४० आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ च्या निकालात आपल्या घरात शांततेने राहण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. दुसऱ्या बाजूला, विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात, आणि कित्येक वर्षी त्याची सरासरी नव्वद ते शंभराच्या घरात निघालेली आहे. नियम आणि मोजणी यांच्यामधील या दरीत आपले अंथरूण पसरलेले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शयनगृहात सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. आमच्या घरासमोर रात्री एखादे वाहन जाताना ७० सहज होतात. किंचित उघडी खिडकी त्यातील १५ अडविते. उरले ५५. येथे कानातील बोळ्यांचा प्रश्न येतो.

या बोळ्यांचाही एक मनोरंजक इतिहास आहे. मॅक्स नेग्वेर या बर्लिनच्या औषध विक्रेत्याने १९०८ साली मेण आणि कापूस एकत्र करून ‘ओहरोपॅक्स’ नावाचे बोळे बाजारात आणले. ग्रीक महाकाव्यातील ओडिसियस आपल्या नाविकांच्या कानात मेण भरतो, ती कथा वाचून त्यास कल्पना सुचली म्हणतात. आपल्या वाचकांसाठी येथे एक सूचना: मेणाचे बोळे घेताना ते पॅराफिनचे आहेत की मधमाशीच्या मेणाचे, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. जे मध वर्ज्य करतात त्यांनी पोळ्याचे मेण कानात घालावे, हे मला तरी बरे वाटत नाही. सिलिकॉनचे किंवा फोमचे बोळे घेतले म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात आणि तेच सर्वांत उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

त्यांच्या डबीवर ‘एनआरआर ३३’ असे काही छापलेले असते. त्यावर विसंबू नये. तो प्रयोगशाळेतील आकडा आहे. प्रत्यक्षात किती मिळेल याचा अंदाज करण्यासाठी अमेरिकेतील कामगार सुरक्षा खाते त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे करते. ३३ चे उरतात १३. छापील व्याजदर आणि हातात पडणारी रक्कम यांतील फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे वरच्या हिशेबातील ५५ चे झाले ४२. बरे झाले, परंतु ३० नव्हे.

हा १३ चा आकडाही बोळा नीट बसला तरच मिळतो. मी पहिले दोन आठवडे ते नुसते कानात खुपसून ठेवीत असे आणि पैसे वाया गेले म्हणत असे. योग्य रीत अशी: हात स्वच्छ धुऊन बोळा बोटांमध्ये वळून वातीसारखा बारीक करावा. डोक्यावरून पलीकडचा हात नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाची वाट सरळ होते. बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो. सकाळी काढताना हिसका न देता हळूहळू फिरवून काढावा. मळलेला, कडक झालेला बोळा टाकून द्यावा, काटकसर येथे करू नये. कान फुटलेला असेल, दुखत असेल, मळ साचला असेल, त्यांनी डॉक्टरांना दाखविल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ढोलाचा आणि मोठ्या ध्वनिवर्धकाचा जो खर्ज असतो, त्यावर यांपैकी कशाचाच फारसा इलाज चालत नाही. तो कानातून येतो तसाच छातीतून, भिंतीतून, पलंगाच्या पायांतूनही येतो. त्या रात्री ज्याला शक्य असेल त्याने मागच्या बाजूच्या खोलीत अंथरूण न्यावे, आणि अठ्ठाई किंवा मासक्षमण करणारे कोणी घरात असेल तर त्यांना त्या दिवसांपुरते उपनगरातील नातेवाइकांकडे ठेवावे. आम्ही एकदा तसे केले आहे.

आता दुसऱ्या उपायाकडे, म्हणजे आवाजाने आवाज झाकण्याकडे, येतो. यासाठी पंख्यासारखे साधन नाही. वाऱ्याची गरज नसलेल्या दिवसांत आम्ही उभ्या पंख्याचे तोंड भिंतीकडे करून ठेवतो. वारा लागत नाही, घरघर मिळते. (वायुकायाच्या विराधनेचा विचार करून जे पंखा वापरीत नाहीत, त्यांना हा मार्ग अर्थातच बंद आहे. त्यांच्यासाठी कापूस किंवा फोम.) मुलाने मोबाईलवर पावसाचा, धबधब्याचा असे निरनिराळे आवाज लावून दिले. त्यातील ‘व्हाइट नॉइज’ म्हणजे सर्व पट्ट्यांतील सूर सारख्या प्रमाणात मिसळलेली फुसफुस, आणि ‘पिंक’ म्हणजे खालच्या सुरांकडे झुकलेली, पावसासारखी. मला पाऊस मानवला, परंतु एक अडचण आली. तो पाऊस दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि तो सांधा एकदा कानाने पकडला की रात्रभर मी सांधेच मोजीत बसे. निवड करताना लांब ध्वनिमुद्रण घ्यावे. मोबाईल विमानातील स्थितीत ठेवावा, नाहीतर मध्येच जाहिरात किंवा फोन. आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच. इअरफोन कानात घालून रात्रभर ऐकणे हे तर टाळावेच. लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे. त्यांना झोपविण्यासाठी मिळणाऱ्या आवाजाच्या यंत्रांची २०१४ साली चाचणी झाली, तेव्हा पूर्ण आवाजावर आणि एक फुटाच्या अंतरावर काही यंत्रे ८५ डेसिबलच्या वर गेली होती. यंत्र पाळण्यापासून दूर आणि बारीक आवाजात असावे.

या उपायाचा शास्त्रीय पुरावा फार बळकट आहे, असेही नाही. काहींची झोप सुधारते, काहींना तोच आवाज टोचतो. चार रात्री करून पाहावे.

आपल्या पुष्कळ घरांत नवकार मंत्राची अखंड धून वाजविणारी लहान पेटी असते. काही जण ती उशाशी लावून झोपतात. श्रद्धेने ऐकत झोप लागली तर कोणाची तक्रार नाही. परंतु शेजारच्या टीव्हीचा आवाज झाकावा म्हणून नवकार लावणे मला आशातना वाटते. शिवाय शब्द आले की मन त्यामागे जाते. पंख्याला शब्द नाहीत, हाच त्याचा गुण.

येथवर सर्व सोयीचे लिहिले. आता गैरसोयीचे लिहितो.

चार-पाच वर्षांपूर्वीची थंडीतील रात्र. सौभाग्यवती मुलीकडे गेल्या होत्या. घरात मी आणि माझी आई. घरात सर्व तिला बा म्हणत. वय अठ्ठ्याऐंशी. मी पंखा भिंतीकडे वळविला, दोन्ही कानांत बोळे रीतसर बसविले आणि झोपलो. रीत तोवर चांगलीच जमली होती. पहाटे पाचला जागा होऊन बोळे काढले, तेव्हा पलीकडील खोलीतून बांगडी फरशीवर घासल्यासारखा बारीक आवाज आला. बा उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसलेली होती. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली, तिला न्हाणीघरात जावयाचे होते, तिने मला तीन-चार हाका मारल्या, आणि मग अंधारात स्वतःच उठली. वीज पुन्हा आली, पंखा पुन्हा सुरू झाला, मला यातील काहीच कळले नाही. तिचे मनगट मोडले होते. मला पाहताच ती म्हणाली, “दमला असशील, म्हणून मग नाही हाक मारली.”

पावणेतीन तास ती गार फरशीवर बसली होती.

त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या. बाच्या उशाशी बिनतारी घंटीचे बटण बांधले आणि तिचा दुसरा भाग, जो वाजतो तसाच लखलखतोही, माझ्या डोळ्यांसमोरील भिंतीवर लावला. घंटी सेलवर चालणारी घेतली, वीज गेली तरी ती बंद पडू नये म्हणून. दुसरे असे की दोघांनी एकाच रात्री कान बंद करावयाचे नाहीत. एक रात्र सौभाग्यवतींची, एक माझी. बा पुढे तीन वर्षे होती. ती गेल्यानंतरही ही पाळी आम्ही मोडलेली नाही. जुने वाडे, लाकडी जिने, खाली दुकान, दुकानात माल. रात्री धूर झाला, शटर कोणी उचकटले, तर घरातील एक तरी कान उघडा असावयास हवा. ज्या घरी वृद्ध, आजारी किंवा तान्हे मूल आहे, तेथे बोळ्यांची डबी आणण्याआधी घंटी आणावी.

शेवटी आमच्याच इमारतीतील एक प्रसंग. तळमजल्यावर आपल्याच समाजातील एका भाईंचे कापडाचे दुकान आहे. दिवसा अवजड वाहनांना पेठेत मज्जाव असल्याने त्यांचा माल रात्री साडेअकराला उतरतो. गठ्ठे धाडकन पडतात, टेम्पो मागे घेताना भोंगा वाजतो, शटर किंचाळते. मी एके सायंकाळी खाली जाऊन, वरील सर्व आकडेवारीसह, त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा मागविला. मग म्हणाले, “साहेब, माल दिवसा आणणे माझ्या हातात नाही. शटरला तेल घालतो, गठ्ठ्यांखाली जुनी गादी टाकतो. पण एक विचारू? वहिनींच्या अठ्ठाईच्या वरघोड्याचा बँड याच गल्लीतून गेला होता. माझे वडील तेव्हा वर झोपून होते, शेवटचे दिवस होते त्यांचे. मी तेव्हा काही बोललो नाही.”

मला हे ठाऊक नव्हते. म्हणजे वडील आजारी आहेत हे ठाऊक होते, बँड आणि ते यांची सांगड घालावी हे सुचले नव्हते. मी त्यांना तेथेच मिच्छामि दुक्कडम् म्हटले. संवत्सरीला नुकतेच म्हणून झाले होते, पण त्यात हे धरलेले नव्हते.

शटरला तेल घातले गेले. गादी आली. भोंगा तसाच आहे, त्यावर पंखा. सौभाग्यवतींचे वर्षीतपाचे पारणे येत्या अक्षय तृतीयेला आहे. बँडचा विषय घरात निघाला आहे. मुलगा म्हणतो, एवढ्या मोठ्या तपस्येला वाजंत्री नको म्हणजे कसे. सौभाग्यवतींनी अद्याप मत दिलेले नाही, त्या दिवशी त्यांचा उपवास होता.